कांद्याची टरफलं टाकू नका: सोलापूरच्या उन्हात ईस्टरची अंडी रंगवताना

गुड फ्रायडेच्या दोन आठवडे आधी आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं एक कापडी पिशवी लटकायला लागते. कांदा चिरला की वरचं कोरडं टरफल पिशवीत. शेजारच्या काकूही त्यांच्याकडची टरफलं कागदात गुंडाळून आणून देतात. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं होतं, आम्ही कुणाची तरी दृष्ट काढणार आहोत.

ईस्टर जवळ आला की कुणीतरी विचारतंच, "अंड्यांचे ते रंग कुठून आणता हो?" चर्चमध्ये नव्यानं आलेल्या सुना विचारतात, मुलांच्या वर्गातल्या पोरांच्या आया विचारतात. रंग आणत नाही, घरी करतो. दरवेळी फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं आणि मग दुसऱ्या दिवशी "अहो, माझी तर नुसती मळकट झाली" असा फोन येतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधीच एक सांगते. इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक कृती थंड देशातल्या आहेत. तिथं एप्रिलमध्ये अंडी तास-दोन तास टेबलावर मांडून ठेवली तरी फारसं बिघडत नाही. आपल्याकडं त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळं सोलापुरात अंडी रंगवायची तर निम्मं लक्ष रंगाकडं आणि निम्मं फ्रिजकडं ठेवावं लागतं. बाकीचं सोपं आहे.

अंडंच का

थोडक्यात. गुड फ्रायडेला वधस्तंभावर गेलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, त्याचा सण म्हणजे ईस्टर. त्याच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे. युरोपात जुन्या काळी या दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास कळत नाही, त्या अंडी घालतच राहायच्या. सण येईपर्यंत घरोघरी अंड्यांचा ढीग साचलेला असायचा. तो खायचा, वाटायचा, सजवायचा. त्याला अर्थही जोडला गेला: बंद कवच म्हणजे कबर, आणि आतून बाहेर पडणारा जीव म्हणजे पुनरुत्थान. ग्रीसमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ईस्टरसाठी ४५० अंडी सजवल्याचा खर्च आहे. इराणी लोक तर नवरोजला, म्हणजे त्यांच्या वसंतातल्या नववर्षाला, अंडी रंगवून मांडतात. त्यांचा ईस्टरशी काही संबंध नाही. वसंतात अंडं रंगवावं असं अनेकांना सुचलेलं दिसतं.

आमच्या घरी ही फार जुनी रीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. आजीच्या वेळी ईस्टरला प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं मिळायचं, पांढरंच, मीठ लावून. तेवढ्यावर पोरं खूश. रंग आजोबांमुळं आले. ते चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायच्या कामाला होते. एका वर्षी आत्यानं बाजारातून खायच्या रंगाची डबी आणली. आजोबांनी ती हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "आगं, रंगाऱ्याच्या घरात इकतचा रंग? कांद्याची टरफलं हायत की."

तारीख आणि आठवड्याचा बेत

ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, पण ती आपल्याला समजायला अवघड नाही, कारण ती पौर्णिमेला बांधलेली आहे. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर कधी होळीच्या पौर्णिमेमागून येतो, कधी चैत्री पौर्णिमेमागून. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला. मार्चमधला ईस्टर असेल तर उन्हाचा ताप जरा कमी, आणि पळसाची फुलंही हाताशी असतात. एप्रिलच्या मध्यातला असेल तर बर्फाचे ट्रे आधीच भरून ठेवा.

आमचा बेत असा असतो. टरफलं आणि डाळिंबाच्या साली दोन आठवडे आधीपासून साठवायच्या. अंडी सोमवारी-मंगळवारी आणायची. गुड फ्रायडेला रंगाचं काही करायचं नाही, हा घरचा नियम. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये येशूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते, घरी आल्यावर कुणाला गडबडगोंधळ नको असतो. शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, रंग उकळून घ्यायचे. संध्याकाळी अंडी उकडून रंगात टाकायची, रात्रभर फ्रिजमध्ये. रविवारी पहाटे बाहेर.

आणि हो, शनिवार नळाला पाणी यायचा दिवस आहे का ते आधी बघा. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण परगावहून आलेल्या सुनेला सांगायला हवं. भांडी बरीच निघतात.

पाण्याची गोष्ट

पाण्यावर एक वेगळा परिच्छेद खर्च करते, कारण "मळकट झाली" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. बोअरचं पाणी जड असतं, क्षारांचं. असं पाणी हळदीला तांबूस करतं आणि कोबीच्या रंगाला हिरवट. शिवाय अंड्यावर पांढरट थर बसतो. रंगासाठी नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. चार-पाच लिटर पुरतं. अंडी उकडायला बोअरचं चालेल, पण मग रंगात टाकण्याआधी ती पुसून घ्या.

अंडी निवडणं आणि उकडणं

पांढरी अंडी घ्या, ज्यांना आपण बॉयलरची म्हणतो. गावरान अंड्याचं कवच मुळात बदामी असतं. त्यावर निळा रंग राखाडी दिसतो. कांद्याच्या रंगासाठी मात्र गावरान अंडी छान, विटकरी रंग अगदी गडद येतो. मी एका ट्रेमध्ये चोवीस पांढरी आणि सहा गावरान असं मिसळून घेते.

अगदी आजची ताजी अंडी आणू नका. ताजं अंडं उकडलं की सोलताना पांढरा भाग कवचाला चिकटून निघतो. चार-पाच दिवस फ्रिजमध्ये राहिलेली अंडी सुबक सोलली जातात.

उकडायच्या आधी अंडी धुवायची. आजोबांचा इथं कटाक्ष असायचा. कारखान्यात सुताच्या लडी रंगाच्या हौदात घालण्याआधी उकळून त्यांच्यातला मळ, मेण, तेलकटपणा काढतात. तो राहिला तर रंग डाग डाग चढतो. अंड्याचंही तसंच आहे. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटानं हलकं चोळा आणि लगेच धुऊन काढा. बोटांचे तेलकट ठसे जरी राहिले तरी नंतर ते रंगात उमटतात. पोरांनी शेंगदाणे खाल्लेल्या हातानं अंडी हाताळली होती त्या वर्षी आमच्या प्रत्येक अंड्यावर अंगठा छापलेला होता, तलाठ्याकडच्या कागदासारखा.

पातेल्यात अंडी एका थरात मांडा, वर दोन बोटं पाणी येऊ द्या, चमचाभर मीठ. थंड पाण्यापासून सुरुवात करा. फ्रिजमधलं अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की तडकतं. उकळी आली की आच कमी करून दहा मिनिटं, मोठी अंडी असतील तर बारा. मग लगेच बर्फाच्या पाण्यात. जास्त उकडलं तर पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. ती अंड्यातल्याच गंधक आणि लोहाची असते. दरवर्षी कुणीतरी घाबरून विचारतं की कोबीचा रंग आत गेला का, म्हणून सांगितलं.

तडकलेली अंडी बाजूला काढा. ती शनिवारच्या रात्रीचं जेवण.

रंग: आधी हे तीन करा

सगळ्या रंगांना एक नियम लागू. रंग आधी उकळून, गाळून, पूर्ण थंड करायचा आणि मग त्यात व्हिनेगर घालायचं: एका कपाला एक मोठा चमचा. अंड्याचं कवच म्हणजे चुनखडी. व्हिनेगरनं तिचा वरचा पातळ थर किंचित खरखरीत होतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. म्हणून जास्त व्हिनेगर म्हणजे जास्त रंग, असं करू नका. कवचावर बुडबुडे फुटायला लागतात, ते खडबडीत होतं आणि बोट लावलं की रंग पावडरसारखा निघतो. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं, पण ते गाळून घ्या.

कांदा हा राजा. दहा-बारा मोठ्या कांद्यांची टरफलं, एक लिटर पाणी, मंद आचेवर अर्धा तास. पाणी चहापेक्षा गडद दिसेल. अंडी अर्धा तास ठेवली तर नारिंगी, तीन-चार तास ठेवली तर विटकरी, रात्रभर ठेवली तर जुन्या वाड्याच्या दारासारखा तांबूस तपकिरी रंग. आपल्या लाल कांद्याच्या टरफलांत कधी कधी जांभळट छटाही येते. प्रत्येक वर्षीचा माल वेगळा, त्यावर आपला इलाज नाही. सोलापूरच्या मार्केट यार्डात हंगामात कांद्याच्या इतक्या गाड्या लागतात की जमिनीवर टरफलांचा गालिचाच असतो. माझा भाचा एकदा तिथून पोतंभर भरून घेऊन आला. इतकी लागत नाहीत. आणि तिथली धुळीनं भरलेली असतात, घरचीच बरी.

घाई असेल तर कच्ची अंडीच टरफलांच्या पाण्यात घालून उकडता येतात. रंग आणि उकडणं एकाच वेळी होतं. नवख्यांनी पहिल्या वर्षी एवढंच करावं असं माझं मत आहे. यात चुकण्यासारखं काही नाही.

हळद दुसरी. पाऊण लिटर पाण्याला दोन मोठे चमचे हळद, दहा मिनिटं उकळा. फडक्यातून गाळा, गाळणीतून नाही. नाहीतर कणांचे ठिपके बसतात. अर्ध्या तासात लख्ख पिवळा. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे हळदीचं लुगडं वाळत घातलेल्या कुणालाही ठाऊक आहे, म्हणून ही अंडी खिडकीत मांडू नका.

हळदीची एक गंमत पोरांसाठी राखून ठेवा. पिवळं झालेलं अंडं कोरडं करा. वाटीभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा आणि कापसाच्या काडीनं अंड्यावर रेघा ओढायला सांगा. रेघ लालसर उमटते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच हे. वर व्हिनेगरचा थेंब टाकला की लाली गायब. ही नक्षी फार टिकत नाही, पण पोरं तासभर जागची हलत नाहीत, आणि शनिवारी संध्याकाळी ते सोन्याहून मोलाचं असतं.

तिसरा जांभळा कोबी. लक्ष्मी मंडईत मिळतो, रोज नाही, आणि साध्या कोबीपेक्षा महाग. पण निळ्या रंगासाठी दुसरा खात्रीचा पर्याय नाही. अर्धा गड्डा बारीक चिरून एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा. पाणी जांभळं होतं. व्हिनेगर घातलं की एकदम गुलाबी. इथं नवखी माणसं निराश होतात: "निळा म्हणालात आणि हे तर गुलाबी!" धीर धरा. कोबीचा रंग आंबटात गुलाबी आणि क्षारात निळा असतो. पाणी आंबट आहे, पण अंड्याचं कवच क्षाराचं आहे. कवचावर बसलेला रंग हळूहळू निळा होतो. तासाभरात फिकट आकाशी, रात्रभरात गडद निळा. सकाळी गुलाबी पाण्यातून निळं अंडं बाहेर येतं तेव्हा मोठी माणसंसुद्धा "आं?" करतात.

हिरवा हवा असेल तर अर्धा तास हळदीत, मग पुसून पंधरा-वीस मिनिटं कोबीत. पालकाचा हिरवा मी करून पाहिला आहे. पालकाची भाजी करा.

डाळिंबाची साल

हा रंग मला कुठल्याही कृतीत सापडलेला नाही. आमच्या घरी तो अपघातानं आला. सोलापूर म्हणजे डाळिंबाचा जिल्हा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, इथल्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दाणे आपण खातो आणि साल फेकतो, पण त्या सालीनं पूर्वीपासून सूत आणि कापड रंगवत आले आहेत. आजोबांना ते माहीत होतं.

दोन डाळिंबांची वाळलेली साल अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळा. स्टीलच्या पातेल्यात केलंत तर मोहरीच्या तेलासारखा मातकट पिवळा रंग मिळतो. कांद्याच्या विटकरी अंड्यांशेजारी तो फार शोभतो. हेच आजीनं एकदा चुकून लोखंडी कढईत उकळलं आणि पाणी काळंकुट्ट झालं. सालीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते, जुन्या काळी लिहायची शाई याच जोडीनं बनवायचे. त्या काळ्या पाण्यात अंडी घोटीव दगडासारखी राखाडी झाली. आजी हळहळली, आजोबा खूश झाले. तेव्हापासून दोन अंडी आम्ही मुद्दाम कढईतली करतो. ती मांडायची, खायची नाहीत, असं आम्ही ठरवलेलं आहे. खायच्या अंड्यांसाठी स्टीलचं भांडं.

बाकीचे रंग, पटकन

गोकर्णाची वीस-पंचवीस निळी फुलं कपभर गरम पाण्यात भिजवली तर सुंदर निळा उतरतो. व्हिनेगर अगदी थोडं घाला, नाहीतर जांभळ्याकडं झुकतो. कुणाच्या कुंपणावरची फुलं तोडताना विचारून तोडा, ती बहुधा देवाला ठेवलेली असतात. तांबडी जास्वंद करडट निळा देते. चहाची पूड तपकिरी, त्यात विशेष काही नाही. पळसाची वाळवलेली फुलं फिकट केशरी-पिवळा देतात, रंगपंचमीची उरलेली असतील तर वापरून बघा.

आणि बीट. सगळे बीटनं सुरुवात करतात. पातेल्यात तो इतका देखणा दिसतो की मोह होतोच. उकळला की त्याची लाली तपकिरीकडं जाते, अंड्यावर फिकट गुलाबी-मळकट असं काहीतरी बसतं, आणि ओल्या हातानं निम्मं निघून जातं. बीटची कोशिंबीर करा.

पानांची नक्षी

रंगापेक्षा मला हे काम जास्त आवडतं. पूर्व युरोपात ही पद्धत जुनी आहे, पण पानं आपली वापरायची. कोथिंबिरीचं एक पान, शेपूची काडी, शेवग्याची डहाळी, गुलमोहराचं पिसासारखं पान. कढीपत्ता जाड असतो, तो नीट चिकटत नाही.

पान पाण्यात बुडवून अंड्यावर सपाट चिकटवा. जुन्या पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा त्यावर ताणून बसवा आणि मागच्या बाजूला दोऱ्यानं गच्च बांधा. सोलापुरात दोऱ्याला तोटा नाही. मोजा ढिला राहिला की रंग पानाखाली शिरतो आणि सगळं धूसर होतं. हे पुडकं कांद्याच्या रंगात रात्रभर. सकाळी सोडलं की विटकरी अंड्यावर कोथिंबिरीचं पांढरं पान, शिरांसकट. इथं कच्ची अंडी वापरू नका; बांधताना दाब बसतो आणि हातात बलक येतो.

ज्यांना एवढा उद्योग नको त्यांनी पांढऱ्या मेणबत्तीनं अंड्यावर काहीतरी लिहावं. मेण लागलेल्या जागी रंग बसत नाही. माझा मुलगा दरवर्षी स्वतःचं नाव लिहितो, म्हणजे रविवारी पोरं लपवलेली अंडी शोधतात तेव्हा ते अंडं त्याचंच.

रात्र: फ्रिजमधली जागा

उकडलेलं अंडं नेहमीच्या हवेत दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. आपल्याकडं एप्रिलमध्ये रात्री दहालाही स्वयंपाकघर ३२ च्या खाली नसतं. त्यामुळं रंगाचं पाणी आधी थंड, अंडी थंड, आणि दोन्ही मिळून थेट फ्रिजमध्ये. कोमट रंगात अंडी टाकून पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही, कितीही जागा नसली तरी.

जागेचा प्रश्न खरा आहे. मी स्टीलचे उभे डबे आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या वापरते, एकेका रंगाला एक. प्लॅस्टिक नको, हळद ते कायमचं पिवळं करते. अंडी पूर्ण बुडाली पाहिजेत, नाहीतर अर्ध्या उंचीवर रेघ येते. अधूनमधून कुणीतरी उठून अंडी फिरवावीत. आमच्याकडं हे काम पाणी प्यायला उठणाऱ्याचं.

पहाट

आमची उपासना पहाटेची असते, आधी कबरस्तानात. कबरी झाडून, फुलं वाहून, मेणबत्त्या लावून, अंधारातच गाणी सुरू होतात. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" आजोबांच्या कबरीवर एक विटकरी अंडं ठेवायचं हे आत्यानं सुरू केलं. आम्ही पाठ फिरवेपर्यंत ते कावळा नेतो.

जाण्याआधी अंडी रंगातून काढून जाळीवर ठेवतो आणि परत फ्रिजमध्ये टाकतो. पुसू नका, टिपून घ्या. ओलं असताना रंग कच्चा असतो. पूर्ण वाळली की शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन हलकेच फिरवा. मळकट वाटणारं अंडं एकदम जिवंत होतं. "बिघडलं" म्हणून फेकायच्या आधी तेल लावून बघाच.

घरी आलो की साडेसातच्या आत लपवालपवी. कॉलनीतली सगळी पोरं येतात, कोण कुठल्या घरचं हे कुणी विचारत नाही. मात्र खालच्या मजल्यावरचे मालक शाकाहारी आहेत, म्हणून त्यांच्या तुळशीजवळ आणि जिन्यात अंडी लपवायची नाहीत, हे पोरांना आधीच बजावलेलं असतं. सावलीत लपवा, संख्या लिहून ठेवा. ही संख्या लिहिणं मी एका वर्षी विसरले. एक अंडं कूलरच्या मागं राहिलं. आठ दिवसांनी कूलर लावला तेव्हा ते सापडलं, म्हणजे त्यानंच आम्हाला शोधलं.

अर्ध्या तासात सगळी अंडी परत आली पाहिजेत. तासाहून जास्त उन्हात राहिलेलं अंडं खायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी.

मग टकरी. दोघांनी एकेक अंडं मुठीत धरायचं आणि टोकावर टोक आपटायचं. ज्याचं फुटेल ते दुसऱ्याचं. ग्रीक लोकही हेच खेळतात. निमुळतं टोक जास्त मजबूत असतं, आणि अंडं मुठीत जितकं झाकून धराल तितकं वाचतं. माझ्या सासऱ्यांनी एकदा लाकडाचं रंगवलेलं अंडं आणून सलग अकरा जिंकली होती, तेव्हापासून खेळाआधी अंडी तपासली जातात.

टिकणारी अंडी हवी असतील तर

खायची नसून वर्षानुवर्षं ठेवायची असतील तर अंडं रिकामं करा. दाभणानं दोन्ही टोकांना भोक पाडा, खालचं जरा मोठं. आत काडी घालून बलक फोडा. तोंडानं फुंकण्यापेक्षा मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, तिनं हवा भरली की आतलं सगळं वाटीत येतं. कच्च्या अंड्याला तोंड न लावलेलं बरं. साबणाच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुऊन दोन दिवस वाळवा. वाटीतल्याची बुर्जी त्याच दिवशी.

रिकामं अंडं रंगात तरंगतं, हे कुणी आधी सांगत नाही. सिरिंजनंच त्यात रंग भरा म्हणजे ते बुडतं. नंतर काढून टाका. कढईतल्या डाळिंबाच्या रंगासाठी हीच अंडी उत्तम. आमच्याकडं आजोबांच्या हातचं एक आहे, कापसात गुंडाळून चपलांच्या खोक्यात. रंग जवळजवळ उडालाय.

सोमवारी

उकडलेली अंडी आठवड्याच्या आत संपवा, आणि ती सोलल्यावर पांढऱ्यावर निळे-पिवळे डाग दिसले तरी खुशाल खा. सगळं स्वयंपाकघरातलंच आहे. आमच्याकडं सोमवारी काळ्या मसाल्याचा अंड्याचा रस्सा असतो, कडक भाकरी कुस्करून. मंगळवारपर्यंत मुलं कंटाळतात. मग अंडं किसून, त्यावर शेंगा चटणी आणि कच्चा कांदा. त्या कांद्याचं टरफल मी सवयीनं पिशवीत टाकायला जाते, आणि पिशवी तर धुऊन वाळत घातलेली असते.